जुनी विमानं, तीही भाड्याची: नव्या ताफ्याची वाट पाहताना एअर इंडियाने दिवस कसे काढले?

एअर इंडियाचे दोन प्रकारचे व्हिडिओ सोशल मीडियावर कायम फिरत असतात. एकात दरवाजा लावून घेता येणारी बिझनेस क्लासची केबिन असते, पाय पसरून झोपलेला प्रवासी असतो आणि 'टाटांनी करून दाखवलं' असं कॅप्शन असतं. दुसऱ्यात बंद पडलेला स्क्रीन, टेप लावून बसवलेला आर्मरेस्ट आणि मागे न जाणारी सीट असते. मग खाली कमेंट्समध्ये जुंपते. एक म्हणतो कंपनी पार बदलली, दुसरा म्हणतो काडीचा फरक पडलेला नाही.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. दोघं वेगवेगळ्या विमानांत बसलेले असतात, एवढंच.

त्याहून मोठी गंमत अशी की, पहिल्या व्हिडिओतलं चकाचक विमान नवंच असेल असं नाही. २०२२ नंतरच्या काळात ते अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने निवृत्त केलेलं आणि एअर इंडियाने भाड्याने आणलेलं विमानही असू शकत होतं. आणि दुसऱ्या व्हिडिओतलं मोडकं विमान बहुतेक वेळा कंपनीच्या जुन्या, सरकारी काळापासूनच्या ताफ्यातलं.

हे असं उलटं कसं झालं, ते समजून घ्यायचं तर विमान कंपन्यांचा भाड्याचा कारभार समजून घ्यावा लागतो.

टाटांच्या हातात नेमकं काय आलं होतं?

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया अधिकृतपणे टाटा समूहाकडे परत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने आपल्या ताफ्याचे जे आकडे दिले, त्यावरून परिस्थितीचा अंदाज येतो. लहान पल्ल्याची, म्हणजे मधे एकच वाट असलेली ७० विमानं होती, त्यातली ५४ उडत होती. लांब पल्ल्याची, दोन वाटांची मोठी विमानं ४३ होती, त्यातली ३३ उडत होती. म्हणजे एकूण ११३ पैकी २६ विमानं नुसती उभी होती. सुटे भाग घ्यायला पैसे नाहीत म्हणून एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे, असा प्रकार सरकारी काळात चालायचा. त्यामुळे उभं राहिलेलं विमान पुन्हा उडवणं ही दरवेळी नवी डोकेदुखी होती.

यावर सरळ उपाय म्हणजे नवी विमानं घेणं. टाटांनी ते केलंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने एका झटक्यात ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. एअरबसची २५०, बोइंगची २२०. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये एअरबसची आणखी १०० विमानं त्यात जोडली. हेडलाइन्स झाल्या, दोन देशांच्या नेत्यांनी अभिनंदनाचे फोन केले, मीम्सही आले.

पण ऑर्डर दिली म्हणजे विमान दारात आलं असं नसतं. मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या कंपन्या जगात मुळात दोनच, आणि दोघींकडे वर्षानुवर्षांची रांग लागलेली. कोविडनंतर सगळ्या जगाला एकाच वेळी विमानं हवी होती. पैसे घेऊन गेलात तरी नंबर लागेपर्यंत थांबावंच लागतं.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांना हे पटकन कळेल. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते. नवा फ्लॅट मोठा असणार, लिफ्ट असणार, पार्किंग असणार, सगळं कागदावर ठरलेलं असतं. पण तो ताब्यात येईपर्यंत कुठेतरी भाड्याने राहावंच लागतं. मिळेल ते घर घ्यायचं, कुणाच्या तरी आवडीच्या टाइल्स आणि कुणाचं तरी किचन चालवून घ्यायचं. आणि बिल्डरने तारीख पुढे ढकलली की घरमालकाकडे जाऊन करार वाढवून मागायचा. एअर इंडियाने २०२२ पासून नेमकं हेच केलं.

भाड्याचं विमान म्हणजे काय?

बऱ्याच जणांना वाटतं की शेपटीवर ज्या कंपनीचं नाव, विमान तिच्याच मालकीचं. भारतात तर हे क्वचितच खरं असतं. आपल्याकडच्या प्रवासी विमानांपैकी साधारण ८० टक्के विमानं भाड्याची असतात. मालक असतात एअरकॅपसारख्या लीझिंग कंपन्या, ज्यांच्यातल्या अनेक मोठ्या कंपन्यांचा कारभार आयर्लंडमधून चालतो. त्या विमानं विकत घेतात आणि जगभरच्या एअरलाइन्सना वर्षानुवर्षांच्या करारावर देतात.

करार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला ड्राय लीझ. यात फक्त विमान मिळतं. वैमानिक, केबिन क्रू, देखभाल, विमा हे सगळं भाड्याने घेणाऱ्याचं. असं विमान आपल्या देशात नोंदवलं जातं, त्यावर आपला रंग लागतो आणि प्रवाशाला फरक कळतही नाही. दुसरा वेट लीझ. यात विमानासोबत मालकाचे वैमानिक, क्रू आणि देखभालही येते. ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घ्यावी तसं. या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, त्याला डॅम्प लीझ म्हणतात. वैमानिक मालकाचे, केबिन क्रू आपला.

भाडं दर महिन्याला जातं आणि ते साधारणपणे डॉलरमध्ये असतं. एअरलाइनची बरीच कमाई मात्र रुपयांत. म्हणजे रुपया घसरला की विमान जागेवर उभं असलं तरी भाडं महाग होतं. शिवाय सुरुवातीला डिपॉझिट असतं. अनेक करारांत देखभालीसाठी वेगळी रक्कम जमा करावी लागते, कारण विमान जितकं उडेल तितकं इंजिन झिजतं आणि त्या झिजेची भरपाई मालकाला हवी असते.

सगळ्यात कटकटीचा भाग असतो करार संपताना. विमान परत करताना ते ठरलेल्या स्थितीतच द्यावं लागतं. इंजिनचं किती आयुष्य शिल्लक आहे, मोठी तपासणी कधी झाली, प्रत्येक सुट्या भागाचा कागद आहे की नाही, हे सगळं पाहिलं जातं. एखाद्या भागाची नोंद सापडली नाही, तर तो भाग चांगला असूनही बदलावा लागू शकतो. भाड्याचं घर सोडताना भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांवरून डिपॉझिट कापणारा घरमालक ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त इथे रकमा कोटींत असतात.

डेल्टाची विमानं मुंबईत कशी आली?

सप्टेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने ३० विमानं भाड्याने घेत असल्याचं जाहीर केलं. त्यात २५ छोटी एअरबस होती आणि ५ बोइंग ७७७-२००एलआर. डिसेंबरमध्ये आणखी १२ विमानांची भर पडली, त्यात सहा ७७७-३००ईआर होती.

यातली ती पाच ७७७-२००एलआर विमानं पूर्वी डेल्टाची होती. डेल्टाने २००८ पासून ती वापरली आणि कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, आपला सगळाच ७७७ ताफा बंद केला. विमानं खराब होती म्हणून नाही. प्रवासीच नव्हते, आणि डेल्टाकडे तोपर्यंत कमी इंधन पिणारी ए३५० आली होती.

'एलआर' म्हणजे लाँग रेंज. हे विमान जवळपास १६ हजार किलोमीटर न थांबता जाऊ शकतं. बोइंगने अशी जेमतेम ६० च्या आसपासच विमानं बनवली, कारण एवढ्या पल्ल्याची गरज फार थोड्या कंपन्यांना होती. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला थेट जायचं, तर मात्र हे विमान अगदी मापाचं.

इथे एक जुनी जखम आहे. एअर इंडियाने सरकारी काळात अशी आठ नवी ७७७-२००एलआर विकत घेतली होती. तोटा झेपेना म्हणून २०१३-१४ च्या सुमारास त्यातली पाच अबूधाबीच्या एतिहादला विकून टाकली. म्हणजे स्वतःची पाच विकली आणि आठ-नऊ वर्षांनी तसलीच पाच दुसऱ्याची वापरलेली भाड्याने आणली. सरकारी काळातल्या निर्णयांवर यापेक्षा बोचरी टीका कुणाला सुचणार नाही.

या विमानांच्या जोरावर डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानसेवा सुरू झाली. बेंगळुरू-सॅन फ्रान्सिस्कोही परत सुरू झाली. बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांसाठी दिल्लीत किंवा आखातात विमान बदलण्याची कटकट वाचणं, ही छोटी गोष्ट नव्हती.

आणि केबिनचं काय? डेल्टाने ही विमानं निवृत्त करण्याआधी थोडेच दिवस त्यांचं आतलं सगळं काम नव्याने केलं होतं. बिझनेस क्लासला दरवाजे, मधे प्रीमियम इकॉनॉमी. एअर इंडियाला हे सगळं आयतं मिळालं. कंपनीने मे २०२३ मध्ये पहिल्यांदा प्रीमियम इकॉनॉमी विकायला काढली, ती याच विमानांमध्ये. म्हणजे 'नवी एअर इंडिया' पहिल्यांदा लोकांना दिसली ती डेल्टाच्या जुन्या सीट्सवर. दुसरीकडे सहा ७७७-३००ईआर आली ती एतिहादच्या केबिनसकट. आणि कंपनीची स्वतःची १३ ७७७-३००ईआर आणि २७ ड्रीमलायनर मात्र आतून तशीच, वर्षानुवर्षांची. एकाच कंपनीचं, एकाच भावाचं तिकीट, पण समोर कुणाची केबिन येईल ते नशिबावर.

ऑक्सिजनचा प्रश्न

भाड्याने आणलेलं विमान आपल्या गरजेसाठी बनवलेलं नसतं, हे केवळ रंगसंगतीपुरतं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये हे फार गंभीरपणे समोर आलं.

विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वरून मास्क खाली येतात आणि वैमानिक विमान झपाट्याने साधारण १० हजार फुटांवर आणतो, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. बहुतेक मार्गांवर यासाठी काही मिनिटं पुरतात. पण भारतातून अमेरिकेला जाताना काही मार्ग उंच डोंगररांगांवरून जातात. हिंदुकुशच्या वर असाल तर १० हजार फुटांवर उतरणार कुठे? खाली डोंगर आहेत. डोंगररांग पार होईपर्यंत वरच राहावं लागतं आणि तेवढा वेळ पुरेल इतका ऑक्सिजन विमानात असावा लागतो.

काही विमानांत हा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये असतो आणि जास्त वेळ पुरतो. काहींत तो सीटच्या वर बसवलेल्या डब्यात रासायनिक क्रियेने तयार होतो आणि ठरावीक मिनिटांनी संपतो. जी कंपनी अशा डोंगरांवरून विमानं नेत नाही, तिला दुसरा प्रकार पुरेसा असतो. एअर इंडियाच्याच एका कर्मचाऱ्याने डीजीसीएकडे तक्रार केली आणि त्यात भाड्याच्या ७७७ विमानांवर अशा मार्गांसाठी पुरेशी ऑक्सिजन व्यवस्था नसल्याचा मुद्दा असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. डीजीसीएने चौकशी केली आणि एअर इंडियाला १ कोटी १० लाख रुपयांचा दंड ठोठावला. भाड्याच्या विमानांचं उड्डाण नियमांच्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादांच्या चौकटीत नव्हतं, असं कारण देण्यात आलं. एअर इंडियाने हा आदेश मान्य नसल्याचं म्हटलं आणि आपण सुरक्षेशी तडजोड केली नसल्याचा दावा केला.

दंडाची रक्कम या धंद्यात किरकोळ आहे. पण प्रकरणाचा मुद्दा किरकोळ नव्हता. दुसऱ्याचं विमान आणताना त्याच्या सीट्स आपोआप येतात, तशा त्याच्या मर्यादाही येतात.

मग हीच विमानं दुरुस्त का नाही करत?

हा प्रश्न सोशल मीडियावर हमखास येतो. भाड्याच्या विमानाच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. चार-पाच वर्षांत परत करायचं विमान आतून नवं करायला कोण पैसे घालेल? भाड्याच्या घरात मॉड्युलर किचन कुणी करून घेत नाही.

स्वतःच्या जुन्या विमानांची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२२ मध्येच एअर इंडियाने २७ ड्रीमलायनर आणि १३ ७७७ आतून पूर्ण नवी करण्यासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली होती. घोडं अडलं ते सीट्सपाशी. विमानाची सीट ही फर्निचरच्या दुकानात मिळणारी वस्तू नाही. ती अपघातात किती धक्का सहन करेल, किती जळेल याच्या चाचण्या होतात, आणि नव्या डिझाइनला सुरक्षा यंत्रणांची मंजुरी लागते. बिझनेस क्लासच्या सीट्स बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि कोविडनंतर त्यांचीही कामगार आणि कच्च्या मालाची घडी विस्कटलेली. परिणाम असा की पहिलं ७८७-८ कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिल इथे या कामासाठी पोहोचायला जुलै २०२५ उजाडला. ७७७ चा नंबर तर आणखी मागे गेला.

शिवाय आतलं काम करायला विमान कित्येक आठवडे बाहेर ठेवावं लागतं. तेवढे दिवस त्याच्या जागी उडायला दुसरं विमान हवं. ते नसेल तर मार्ग बंद करायचा. सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्याच्या दोन कारणांपैकी एक हेच होतं. दुसरं कारण पाकिस्तानची बंद हवाई हद्द. एप्रिल २०२५ पासून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडतोय, त्यात वेळ जातो आणि इंधनही. आधीच विमानं कमी, त्यात प्रत्येक फेरीला जास्त वेळ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ते हेच.

नवी विमानं कुठे अडकली?

बोइंगची रडकथा आता बहुतेकांना माहीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागेवरचा तुकडा हवेत निखळला. त्यानंतर अमेरिकी नियामकाने उत्पादनावर मर्यादा घातली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सुमारे ३३ हजार कामगार सात आठवडे संपावर होते. एअर इंडियाने मागवलेल्या १० ७७७एक्स विमानांचं तर विचारूच नका. हे मॉडेल २०२० मध्ये यायचं होतं, आता पहिलं विमान ग्राहकाला २०२७ मध्ये देण्याचं बोइंगचं नियोजन आहे.

या गर्दीत एअर इंडियाला जी 'नवी' विमानं लवकर मिळाली, त्यांचीही कहाणी मजेशीर आहे. पहिली सहा ए३५० मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बनवली होती. युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले, रशियाला ती देता येईनात, आणि एअर इंडियाने ती उचलली. एअर इंडिया एक्सप्रेसकडे आलेली बरीच ७३७ मॅक्स चिनी कंपन्यांसाठी बांधून पडून होती. म्हणजे भाड्याची जुनी नकोत म्हणून नवी घेतली, तरी सुरुवातीची दुसऱ्याच्या मापाचीच मिळाली.

इंडिगोलाही जुन्या विमानांकडे वळावं लागलं

ही केवळ एअर इंडियाची अडचण आहे असं समजू नका. इंडिगोचा तर सगळा धंदाच नव्या विमानांवर उभा राहिला. घाऊक भावात विमानं घ्यायची, लगेच लीझिंग कंपनीला विकायची, तीच भाड्याने घ्यायची आणि साधारण सहा वर्षांत, मोठ्या देखभालीचा खर्च येण्याआधी परत करायची. ताफा कायम तरुण.

हे गणित २०२३ मध्ये बिघडलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमध्ये वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष निघाला. जगभरची शेकडो इंजिनं विमानांवरून काढून तपासावी लागणार होती आणि एका इंजिनाला २५० ते ३०० दिवस लागणार होते. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची ७० हून जास्त विमानं जमिनीवर होती. मग जी जुनी ए३२० परत करायची होती त्यांचे करार वाढवले, इतरांनी वापरलेली जुनी ए३२० आणली आणि परदेशी कंपन्यांकडून वैमानिकांसकट विमानं घेतली.

लांब पल्ल्यासाठीही तोच मार्ग. इंडिगोची स्वतःची ए३५० २०२७ पासून येणार. तोवर टर्किश एअरलाइन्सची दोन ७७७ इस्तंबूलसाठी आणि नॉर्स अटलांटिकची ७८७-९ इतर मार्गांसाठी. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला इंडिगो सुरू झाली ती याच नॉर्सच्या विमानांनी. पण भाड्याच्या विमानात राजकारणही येतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तानच्या पाकिस्तानला असलेल्या पाठिंब्यावरून वातावरण तापलं आणि डीजीसीएने टर्किशच्या विमानांना शेवटची म्हणून तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. ती संपायच्या वेळी आणखी सहा महिने वाढवून मिळाले. पर्यायच नसेल तर 'शेवटची' मुदतही शेवटची राहत नाही.

भाडं थकलं तर?

याचं उत्तर मुंबईत मुख्यालय असलेल्या गो फर्स्टने दिलं. तीच प्रॅटची इंजिनं, तोच तुटवडा. निम्म्याच्या आसपास ताफा उभा, भाडं मात्र पूर्ण. २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःच दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं थांबली.

लीझिंग कंपन्या आपली ५४ विमानं परत मागू लागल्या. पण दिवाळखोरी कायद्यानुसार वसुलीला स्थगिती असते, त्यामुळे विमानं अडकली. केप टाउन करार नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यानुसार भाडं थकलं तर मालकाला विमान लवकर परत मिळायला हवं. भारत २००८ मध्ये त्यात सामील झाला होता, पण देशात त्याला कायद्याचं बळ नव्हतं. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द करा असं डीजीसीएला सांगितलं, तेव्हा ती सुटली. तोवर एक वर्ष ती उभी होती.

ज्या देशात घरमालकाला घर परत मिळत नाही, तिथे पुढच्या भाडेकरूकडून जास्त भाडं आणि जास्त डिपॉझिट मागितलं जातं. त्याची झळ बाकीच्या सगळ्या भारतीय कंपन्यांना बसते आणि शेवटी ती तिकिटावर येते. २०२५ मध्ये संसदेने केप टाउन कराराला बळ देणारा कायदा केला, त्यामागे हे कारण होतं.

जुनं विमान म्हणजे धोकादायक विमान का?

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला. त्या दिवशी २६० जणांचा जीव गेला. ते विमान २०१४ पासून ताफ्यात असलेलं ७८७-८ होतं, डेल्टा किंवा एतिहादकडून आणलेल्यांपैकी नव्हतं. जुलैत आलेल्या प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. ते कसं झालं, हे त्या अहवालाने ठरवलेलं नाही. विमानाच्या वयावरही त्याने ठपका ठेवलेला नाही. त्यामुळे 'जुनी विमानं म्हणून अपघात' हे फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी थांबलेलं बरं.

विमानाचं वय फक्त वर्षांत मोजत नाहीत. किती वेळा उडालं-उतरलं आणि किती तास हवेत होतं, हे जास्त महत्त्वाचं. लांब पल्ल्याचं विमान दिवसाला एक-दोनदाच उडतं, त्यामुळे १५ वर्षांनंतरही त्याच्या सांगाड्यावर तुलनेने कमी ताण आलेला असतो. काही वर्षांनी प्रत्येक विमान अक्षरशः उघडून तपासलं जातं. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधलेल्या आणि एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेसकडे असलेल्या केंद्रात ७७७ आणि ७८७ च्या तपासण्या होतात.

जुनं विमान नीट ठेवता येतं, पण ते जास्त इंधन पितं, वारंवार बारीकसारीक बिघाड काढतं आणि वेळापत्रक बिघडवतं. खरी चिंता तिथे असते जिथे देखभाल ढिली पडते, मग विमान दोन वर्षांचं असो की वीस.

सगळंच वयावर ढकलताही येत नाही. मार्च २०२५ मध्ये शिकागोहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ बरीच स्वच्छतागृहं तुंबल्यामुळे अर्ध्यातून परत फिरलं, दहा तासांहून जास्त हवेत राहून. तपासात कंपनीला पाइपमध्ये पॉलिथिनच्या पिशव्या आणि चिंध्या सापडल्या.

तुम्हाला कोणतं विमान मिळणार, हे कसं कळेल?

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. ए३५० असेल तर केबिन नवी. ७८७-९ असेल तर बहुधा विस्ताराकडून आलेलं, म्हणजे बऱ्यापैकी नवं. ७८७-८ किंवा ७७७ दिसलं तर सीट मॅप उघडा. प्रीमियम इकॉनॉमीच्या रांगा असतील आणि बिझनेसमध्ये एका ओळीत चारच सीट्स असतील, तर आतलं काम झालेलं किंवा दुसऱ्या कंपनीकडून चांगल्या केबिनसकट आलेलं विमान असण्याची शक्यता जास्त. मात्र आयत्या वेळी विमान बदलू शकतं आणि तुटवड्याच्या काळात ते बऱ्याचदा बदलतं.

विमानतळावर काचेतून दिसलं, तर मागच्या बाजूला लिहिलेली अक्षरं वाचा. 'व्हीटी'ने सुरू होत असतील तर विमान भारतात नोंदवलेलं आहे. ड्राय लीझची भाड्याची विमानंही यातच येतात, त्यामुळे मालक कोण ते यावरून कळत नाही. पण इंडिगोचं तिकीट हातात असून समोरच्या विमानावर तुर्कस्तानचं 'टीसी' किंवा नॉर्वेचं 'एलएन' दिसलं, तर कॉकपिटमधले वैमानिकही विमानासोबत भाड्याने आलेले आहेत.